फॉर्म्युला स्टुडंट गाडीची विंग: हवेतला भार टायरपर्यंत कसा उतरवायचा

विंगचे काम सीएफडीच्या (हवेच्या प्रवाहाच्या संगणकी गणिताच्या) रंगीत चित्रांपासून सुरू होते आणि माउंटचा विचार गाडी टेम्पोत चढवायच्या आदल्या आठवड्यात होतो, असे फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या रेस गाड्यांच्या स्पर्धेतल्या, बऱ्याच टीममध्ये दिसते. क्रम नेमका उलटा हवा. विंगने हवेतून मिळवलेला भार एंडप्लेट (विंगच्या टोकाची उभी पाटी), स्टे (आधाराची दांडी), चासीची ट्यूब, स्प्रिंग अशा वाटेने टायरपर्यंत उतरला तरच वळणात पकड वाढते. वाटेत कुठे काही लचकले, की विंगचा कोन बदलतो, पुढचा-मागचा तोल बिघडतो आणि ड्रायव्हरला दर लॅपला वेगळी गाडी मिळते. म्हणून इथे टायरपासून निघून वर विंगपर्यंत जाऊ.

पुण्या-मुंबईच्या बहुतेक टीम कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या भारतातल्या स्पर्धेला उतरतात, तेव्हा ती स्पर्धा डोळ्यांसमोर ठेवली आहे. हिशोबासाठी एक नमुना गाडी धरू: ड्रायव्हरसह वजन २८० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर) १५५० मि.मी., पुढच्या चाकांवर ४८ टक्के वजन, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३०० मि.मी. वर, आणि प्रत्येक चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा २५ न्यूटन प्रति मि.मी. तुमच्या गाडीचे आकडे घालून प्रत्येक हिशोब स्वतः करून पाहा.

आधी वेग

डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा भार, असा काढतात: हवेच्या घनतेचा निम्मा, गुणिले वेगाचा वर्ग (मीटर प्रति सेकंदात), गुणिले सीएलए. सीएलए म्हणजे लिफ्टचा गुणांक गुणिले क्षेत्रफळ. घनता पुस्तकातली १.२२५ धरू नका. कोइम्बतूर समुद्रसपाटीपासून चारएकशे मीटर उंच आहे आणि दुपारी तिथे ऊन असते, तेव्हा १.१५ धरलेली बरी. मग ताशी ४० कि.मी.ला वेगामुळे येणारा हवेचा दाब (घनतेचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग) ७१ पास्कल, ६० ला १६० आणि १०० ला ४४४ पास्कल येतो. सीएलए ३.३ असलेल्या गाडीला त्या वेगांना अनुक्रमे सुमारे २३५, ५३० आणि १४६५ न्यूटन डाउनफोर्स मिळतो. गाडीचे वजन सुमारे २७५० न्यूटन आहे. म्हणजे ४० ला साडेआठ टक्के भर, ६० ला १९ टक्के आणि १०० ला निम्म्याहून जास्त.

एन्ड्युरन्सचा (सलग पळायच्या लांब फेरीचा) सरासरी वेग साधारण ताशी ४८ ते ५७ कि.मी. असतो. म्हणून सगळे डिझाइन ६० वर करा आणि १००-११० फक्त ताकद तपासण्यासाठी वापरा. या वेगात ड्रॅगची भीती बाळगायचे कारण नाही. विंगचे वजन मात्र जरूर मोजा. जमिनीपासून एक मीटर उंचीवर ५ किलोची मागची विंग चढवली की गुरुत्वमध्य साडेबारा मि.मी. वर जातो (५ गुणिले ०.७ भागिले २८०). स्किडपॅड (इंग्रजी आठच्या आकारात गोल फिरायची फेरी) ताशी ४० च्या आसपास चालतो. तिथे मिळणाऱ्या साडेआठ टक्क्यांतला काही भाग ही उंची खाऊन टाकते, शिवाय टायरवर भार वाढला तरी पकड त्या प्रमाणात वाढत नाही. आठ किलोची विंग स्किडपॅडवर जवळजवळ फुकट जाते.

आमचे स्पष्ट मत असे, की ज्या टीमची गाडी अजून २२ कि.मी.ची एन्ड्युरन्स न थांबता पूर्ण करत नाही, तिने यंदा विंगला हात लावू नये. तो वेळ टेस्टिंगला द्यावा.

नियमांची चौकट

फॉर्म्युला भारतची नियमावली बव्हंशी फॉर्म्युला स्टुडंट जर्मनीच्या नियमांवर उभी आहे. खालची मापे बरीच वर्षे चालत आलेली आहेत, तरी पहिली रेघ ओढण्याआधी यंदाची प्रत उघडून ताडून घ्या. हेड रेस्ट्रेंटच्या (ड्रायव्हरच्या डोक्यामागच्या आधाराच्या) पुढचे सगळे एरो भाग ५०० मि.मी.च्या खाली. पुढच्या ॲक्सलच्या पुढे, टायरसमोर येणारा भाग २५० मि.मी.च्या खाली. मागची विंग १.२ मीटरच्या खाली, आणि ५०० मि.मी.च्या वर ती मागच्या दोन टायरच्या आतल्या कडांमध्येच बसली पाहिजे. पुढे टायरच्या पुढच्या कडेपासून ७०० मि.मी., मागे टायरच्या मागच्या कडेपासून २५० मि.मी. एवढीच मुभा. सस्पेन्शन कसेही लावलेले असो, ड्रायव्हर बसलेला असो वा नसो, मापे पाळली गेलीच पाहिजेत. म्हणून प्रत्येक मर्यादेच्या आत १० मि.मी. सोडा. लेअपमध्ये (कापड-रेझिनचे थर चढवताना) वाढलेली जाडी आणि वेल्डिंगने सरकलेली चासी मिळून ते १० मि.मी. सहज खातात.

समोरून माणसाला लागू शकतील अशा आडव्या कडांना किमान ५ मि.मी. आणि उभ्या कडांना ३ मि.मी. त्रिज्या लागते. पहिल्या खेपेला टीम इथेच अडतात, कारण दीड मि.मी.च्या ॲल्युमिनियमच्या एंडप्लेटला ३ मि.मी. त्रिज्या देणार कशी? एंडप्लेट सँडविचची (दोन पातळ कातड्यांमध्ये हलका गाभा) करा आणि पुढची कड ६ मि.मी. जाड ठेवून गोल घासा, किंवा खाच पाडलेली थ्रीडी प्रिंटची पट्टी कडेवर चिकटवा. टेक इन्स्पेक्शनच्या (स्पर्धेतल्या तांत्रिक तपासणीच्या) रांगेत उभे राहून रबराची नळी चिरून लावावी लागली, तर ती पहिल्याच लॅपला उडते.

पुढचा-मागचा तोल

सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून हिशोब पूर्ण मांडतो. सगळे आकडे ताशी ६० चे.

मागची विंग २०० न्यूटन डाउनफोर्स देते. तिचे दाबकेंद्र (जिथे सगळा भार लागतो असे धरता येते तो बिंदू) मागच्या ॲक्सलच्या ३०० मि.मी. मागे आहे. तिचा ड्रॅग ९० न्यूटन आहे आणि तो एक मीटर उंचीवर लागतो. मागच्या ॲक्सलभोवती घूर्ण (बल गुणिले अंतर) घ्या: २०० गुणिले ०.३ म्हणजे ६०, अधिक ९० गुणिले १ म्हणजे ९०, एकूण १५० न्यूटन-मीटर. भागिले व्हीलबेस १.५५. उत्तर ९७ न्यूटन. एवढ्या जोराने मागची विंग गाडीचे नाक वर उचलते! मागच्या चाकांवर २०० ऐवजी २९७ न्यूटन येतात आणि पुढच्यांवरून ९७ जातात. यात ड्रॅगचा वाटा डाउनफोर्सपेक्षा मोठा आहे, हे विसरू नका. विंग उंच ठेवली की स्वच्छ हवा मिळते, पण त्याची किंमत पुढची चाके भरतात.

आता पुढची विंग १५० न्यूटनची धरू, पुढच्या ॲक्सलच्या ६०० मि.मी. पुढे. ती पुढच्या चाकांना १५० गुणिले २.१५ भागिले १.५५ म्हणजे २०८ न्यूटन देते आणि मागच्यांवरून ५८ उचलते. अंडरट्रेचे (गाडीखालच्या आकार दिलेल्या तळाचे) १३० न्यूटन गाडीच्या मध्यावर धरले तर दोन्हीकडे ६५-६५. बेरीज: पुढे १७६, मागे ३०४. पुढचा वाटा ३७ टक्के. गाडीचे वजन पुढे ४८ टक्के आणि हवेचा भार ३७ टक्के, म्हणजे वेग वाढेल तसे नाक वळायला नकार देणार. ड्रायव्हर म्हणेल की स्लो कॉर्नरला गाडी छान आहे, फास्ट स्लॅलमला (शंकूंमधल्या नागमोडी वाटेला) अंडरस्टीअर येतो. यावर टीम स्प्रिंग बदलत बसतात आणि काहीच सुधारत नाही.

पुढची विंग २०० न्यूटनची केली की पुढे २४६, मागे २८४, पुढचा वाटा ४६ टक्के. पुढे फक्त ५० न्यूटन वाढवल्याने तोल नऊ टक्क्यांनी सरकला. ॲक्सलच्या पुढे लटकणारी विंग तरफेसारखी काम करते, म्हणून पुढचा फ्लॅप (विंगचा मागचा, कोन बदलता येणारा तुकडा) एका अंशाने फिरवला तरी ड्रायव्हरला कळते. हवेच्या भाराचा पुढचा वाटा वजनाच्या वाट्यापेक्षा दोन-तीन टक्के कमी ठेवलेला चांगला. वेगात गाडी थोडी स्थिर राहते आणि नवख्या ड्रायव्हरला विश्वास येतो. आधी पुढच्या विंगची कमाल ठरवा, मग तिला झेपेल तेवढीच मागची विंग बांधा. मागे अवाढव्य तीन मजली विंग आणि पुढे नावापुरता एक फळा (विंगचा एक पंखाकार तुकडा) अशी गाडी दिसायला देखणी असते, पण वळत नाही.

पुढची विंग जमिनीच्या किती जवळ

जमिनीच्या जवळ विंगचा खालचा प्रवाह अरुंद वाटेतून वेगाने जातो, दाब पडतो आणि डाउनफोर्स वाढतो. पण एका मर्यादेनंतर जमिनीलगतचा आणि विंगलगतचा मंद थर एकमेकांना भिडतात, वाट कोंडते आणि डाउनफोर्स एकदम घसरतो. फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये फ्लोअरखालचे बोगदे परत आणले तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसले: गाडी खाली ओढली जायची, प्रवाह तुटायचा, गाडी वर यायची, पुन्हा ओढली जायची, आणि सरळ रस्त्यावर ड्रायव्हरचे डोके हलत राहायचे. २०२३ साठी फ्लोअरच्या कडा १५ मि.मी. वर घ्यायला लावल्या, तो त्यावरचाच एक इलाज. तुमची गाडी त्या वेगाला जात नाही, पण उंचीचा हिशोब तुम्हालाही चुकत नाही.

नमुना गाडीचा पाहा. ताशी १०० ला पुढच्या ॲक्सलवर हवेचा भार २४६ गुणिले २.७८, म्हणजे ६८४ न्यूटन. दोन चाकांचा मिळून कडकपणा ५० न्यूटन प्रति मि.मी., तेव्हा नाक जवळपास १४ मि.मी. दबते आणि मागची बाजू १६. आता १.४ जी ने ब्रेक मारा. पुढे सरकणारे वजन २८० गुणिले १.४ गुणिले ९.८१ गुणिले ०.३ भागिले १.५५, म्हणजे ७४४ न्यूटन. अँटी-डाइव्ह (ब्रेकिंगमध्ये नाक कमी दबू देणारी सस्पेन्शनची रचना) नसेल तर पुढे आणखी १५ मि.मी. खाली, मागे १५ वर. पुढचा ॲक्सल एकूण २८ ते २९ मि.मी. दबला, मागचा जवळजवळ जागेवरच. विंग ॲक्सलच्या ६०० मि.मी. पुढे असल्याने तिथे आणखी ११ मि.मी. मिळून ३९. उभ्या गाडीत ५० मि.मी. वर दिसणारी विंग ब्रेकिंगच्या क्षणी ११ मि.मी.वर येते. रस्त्यावर उंचवटा असला की एंडप्लेट घासलीच म्हणून समजा.

नियमाने टायर सोडून गाडीचा कोणताही भाग उभ्या स्थितीत ३० मि.मी. वर हवा, पण ३० पुरेसे नाहीत हे वरून दिसतेच. मुख्य फळ्याची खालची बाजू ६५ ते ८० मि.मी.वर ठेवून सुरुवात करा. सीएफडी एकाच उंचीवर चालवू नका. किमान तीन स्थिती घ्या: स्थिर ६०, ब्रेकिंगमध्ये नाक खाली, आणि ॲक्सिलरेशनमध्ये नाक वर. सर्वोच्च आकडा देणारी विंग निवडण्यापेक्षा तिन्ही स्थितींत जिचा तोल कमी सरकतो ती निवडा. एंडप्लेटखाली घासून झिजेल अशी नायलॉनची किंवा रबराची पट्टी स्क्रूने लावा, म्हणजे कार्बन वाचतो. आणि स्टीअरिंग पूर्ण वळवून, डॅम्पर काढून, चाक वर दाबून टायर फ्लॅपला लागतो का ते प्रत्यक्ष गाडीवर पाहा. कॅडमध्ये टायर गोल असतो, खरा टायर भाराखाली फुगतो.

अंडरट्रेबद्दल थोडक्यात. डिफ्यूझर (अंडरट्रेचा मागे वर चढत जाणारा भाग) १० ते १२ अंशांनी सुरू करा. त्याहून चढा केल्यास पडद्या (उभ्या पातळ भिंती) आणि मागच्या विंगचा आधार नसेल तर प्रवाह सुटतो. मागच्या टायरच्या तोंडाशी हवा पिचकारीसारखी आत घुसते आणि डिफ्यूझरची कड मारते. तिथे उभी पट्टी लावून पाहा. रेडिएटरमधून निघणारी गरम, मंद हवा डिफ्यूझरच्या तोंडात सोडू नका.

प्रोफाइल आणि स्लॉट

ताशी ६० ला ३०० मि.मी. कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या लांबीच्या) फळ्याचा रेनॉल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) तीन लाखांच्या आसपास येतो. विमानाची प्रोफाइल या आकड्याला साजत नाहीत. कमी रेनॉल्ड्ससाठी घडवलेली, जास्त वाकलेली प्रोफाइल घ्या. सेलिगचे एस १२२३ सगळ्यांच्या परिचयाचे आहे. पण त्याची मागची कड कागदासारखी पातळ आहे, ती जशीच्या तशी बनत नाही. कॅडमध्येच तिला दोन ते अडीच मि.मी. जाडी देऊन सीएफडी त्या आकारावर करा, नाहीतर कागदावर एक विंग आणि गाडीवर दुसरीच.

एकूण ६०० मि.मी. कॉर्डच्या तीन फळ्यांच्या विंगला दोन फळ्यांमधली फट ८ ते १४ मि.मी. या टप्प्यात फिरवून पाहा. फट लहान झाली तर दोन्ही थर एकमेकांत मिसळून मागचा फ्लॅप मरतो, आणि मोठी झाली तर पुढच्या फळ्याचा वेग मागच्याला मिळत नाही. एखाद्या मिलिमीटरचा फरक इथे जाणवतो, म्हणून एंडप्लेटची भोके हाताने मारू नका. दोन्ही एंडप्लेट एकत्र ठेवून सीएनसीवर किंवा लेझरवर कापून घ्या आणि प्रत्येक फळ्याला दोन डॉवेल पिन द्या. विंग जोडून झाली की १० मि.मी.च्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी फटीत घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. फट १० ची ठरवली असेल तर दांडी सगळीकडे सारख्याच ओझरत्या स्पर्शाने जायला हवी. मध्यावर अडकली तर फळा वाकतोय, ढिली पडली तर फ्लॅप उचलला गेलाय. दोन्हीवर उपाय म्हणजे मध्यावर एक पातळ रिब.

मागच्या कडेवर उभी लहान पट्टी, जिला गर्नी फ्लॅप म्हणतात, ती कॉर्डच्या एक ते दोन टक्के उंचीची, म्हणजे ६ ते १२ मि.मी.ची पुरते. ट्रॅकवर तोल बदलायला हे सर्वांत स्वस्त साधन आहे. ६, ९ आणि १२ मि.मी.च्या ॲल्युमिनियमच्या एल पट्ट्या आणि दुहेरी टेप टूलबॉक्समध्ये ठेवा.

माउंट

४ मे १९६९ ला बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर झालेल्या स्पॅनिश ग्रां प्री या फॉर्म्युला वन शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंग एकाच चढाच्या टोकावर एकामागून एक कोसळल्या, आणि रिंटची गाडी हिलच्या मोडक्या गाडीवर आदळली. त्या विंग बारीक दांड्यांवर, थेट सस्पेन्शनला टेकवलेल्या होत्या. त्याच महिन्यात मोनॅकोच्या वेळी तशा विंगवर बंदी आली. चढाच्या टोकाला गाडी हलकी होते, दांडीवरचा भार उलटा फिरतो, आणि दाबात टिकणारी रचना ओढीत टिकेलच असे नाही, किंवा ओढीत टिकणारी दाबात. माउंटचा हिशोब दोन्ही दिशांनी करायचा असतो.

नमुना गाडीची मागची विंग ताशी ११० ला ६७२ न्यूटन खाली आणि ३०२ न्यूटन मागे ओढते. विंगचा मध्य माउंटच्या पायापासून ५०० मि.मी. मागे आणि ५०० मि.मी. वर धरा. डाउनफोर्स आणि ड्रॅग दोन्ही तिला मागेच कलंडवतात. घूर्ण ३३६ अधिक १५१, म्हणजे ४८७ न्यूटन-मीटर. पायाचे पुढचे आणि मागचे बिंदू २०० मि.मी. अंतरावर असतील तर तिथे २४०० न्यूटनची ओढ आणि तेवढाच दाब येतो. तेच अंतर ४०० केले की १२००. विंगच्या वजनाची काटछाट करण्याआधी पाया लांब करा.

पाया ट्यूबच्या सांध्यावर घ्या, मधल्या भागावर नको. ट्यूब तुटत नाही, वाकते. २०० मि.मी. पायाचे एक टोक १ मि.मी. हलले, की ८०० मि.मी. वरची विंग ४ मि.मी. हलते. मेन हूपच्या (ड्रायव्हरच्या मागच्या संरक्षक कमानीच्या) ब्रेसिंगला विंग अडकवायची असेल तर नियमावली नीट वाचा: गाडी उलटली असता त्या ब्रेसला वाक येणार असेल तर जादा आधार द्यावा लागतो. हा आधार वेल्डिंगच्या आधी ठरवा.

स्टेच्या ट्यूबचा घात दाबाखाली बाक येऊन होतो. ६०० मि.मी. लांबीच्या, दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरणारे सांधे) असलेल्या कार्बन ट्यूबचा लचकण्याचा भार, कडकपणा १०० गिगापास्कल धरून: बाहेरचा व्यास १० आणि आतला ८ असेल तर सुमारे ८०० न्यूटन, १२-१० ला १४४०, १४-१२ ला २३८०. ४०० मि.मी. पायाच्या रचनेत मागच्या प्रत्येक स्टेवर आठशेच्या आसपास दाब येतो. १० ची ट्यूब काठावर आहे, १४ ची घ्या. वजनातला फरक काही ग्रॅमचा आहे.

ट्यूबमध्ये ॲल्युमिनियमचा इन्सर्ट चिकटवताना ८ मि.मी. व्यासाचा असेल तर किमान २५ मि.मी. आत जाऊ द्या. ०.१ ते ०.३ मि.मी. गोंदाची जाडी सर्व बाजूंनी सारखी राहावी म्हणून इन्सर्टवर बारीक तार किंवा काचेच्या मण्यांची पूड वापरा. दोन्ही पृष्ठभाग १२० च्या पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा, पुसलेला कपडा काळा येईनासा होईपर्यंत पुसा. त्यानंतर बोट लावू नका. डीपी ४९० सारख्या इपॉक्सीची कातरण ताकद वीस मेगापास्कलच्या पुढे सांगतात, पण कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या जोडासाठी ५ धरा. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट भिडले की ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरे पडून गोंद सोडते. इन्सर्टला ॲनोडाइझ करून घ्या किंवा मध्ये ग्लास फायबरचा एक पातळ थर द्या.

विंगची ओढणारी बाजू खालची असते. म्हणून हंसाच्या मानेसारखा माउंट वरून घेतला तर खालचा प्रवाह अखंड राहतो. त्याला आडव्या धक्क्यासाठी तिरका आधार हवाच. बाजूने हाताने ढकलून पाहिल्यावर विंग डुलत असेल, तर स्लॅलममध्ये ती नक्की डुलणार.

थर चढवताना

फोमच्या गाभ्यावर वेट लेअप ही पद्धत बहुतेक टीमना झेपते. घनमीटरला ३३ किलो घनतेचा एक्सपीएस (पॉलिस्टायरिनचा) फोम, लेझरने कापलेल्या प्लायच्या टेम्प्लेट आणि गरम तार. तार दोघांनी मिळून, टेम्प्लेटवरचे आकडे मोठ्याने म्हणत ओढायची, म्हणजे दोन्ही टोके बरोबर चालतात. वर २०० ग्रॅमच्या ट्विल कार्बनचे दोन थर. ९०० गुणिले ३०० मि.मी.च्या फळ्याला ०.५७ चौ.मी. पृष्ठभाग, त्यावर ४०० ग्रॅम प्रति चौ.मी. कापड आणि व्हॅक्यूमखाली साधारण ३३० ग्रॅम रेझिन धरले तर कातडे ४१५ ग्रॅम, फोम २०० ग्रॅम. सहाशे-साडेसहाशेच्या पुढे गेला तर रेझिन जास्त झाले आहे.

पॉलिएस्टर रेझिन वापरू नका, त्यातले स्टायरिन एक्सपीएसला विरघळवते. ॲसिटोनही तेच करते, तेव्हा फोम त्याने पुसायचा नाही. फक्त इपॉक्सी. हार्डनरचे प्रमाण वजनाचे आहे की आकारमानाचे ते डब्यावर वाचा आणि ग्रॅमच्या काट्यावर तोला. एका मगात दोनशे-अडीचशे ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, मोठा घाणा स्वतःच तापतो आणि मगातच गोठतो. बोल्ट जाणार तिथे फोम कापून आधीच फिनोलिक शीटचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवा. फोमवर आवळलेला बोल्ट दोन दिवसांत ढिला होतो.

पुण्या-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये लेअप करायचे असेल तर ओलावा हा खरा शत्रू आहे. हार्डनर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर मेणचट थर सोडतो. त्यावर पुढचा थर किंवा रंग धरत नाही, आणि तसाच घासला तर मेण पसरते. आधी कोमट पाण्याने आणि घासणीने धुवा, वाळवा, मगच पेपर मारा. पील प्लाय (वर लावून नंतर सोलून काढायचे कापड) लावला असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. फोम आणि कापड आदल्या रात्री कोरड्या, बंद खोलीत ठेवा.

खोलीच्या तापमानाला मुरलेले बरेच इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात, आणि उन्हात उभ्या काळ्या विंगचा पृष्ठभाग तिथवर सहज जातो. मागची कड लाटेसारखी वाकलेली दिसली तर कारण हेच. चोवीस तास सुकल्यावर ५५ ते ६० अंशांना काही तास पोस्ट-क्युअर करा: हॅलोजन दिवे, थर्माकोलची पेटी आणि दोन थर्मामीटर एवढे पुरते. पंचाहत्तरच्या वर एक्सपीएस बसू लागतो, तेव्हा पेटी सोडून चहाला जाऊ नका. स्पर्धेत गाडी उभी असेल तेव्हा विंगवर पांढरे कापड टाका.

मोजून पाहा

डॅम्परवर लिनियर पोटेन्शिओमीटर (डॅम्पर किती दबला ते मोजणारे सेन्सर) असतील तर सरळ रस्त्यावर ताशी ४०, ६०, ८० असा स्थिर वेग तीन-तीन सेकंद धरा. ६० ला नाक ५ मि.मी. दबले तर ५ गुणिले ५० म्हणजे २५० न्यूटन. प्रत्येक फेरी दोन्ही दिशांनी करा. ताशी १० कि.मी.च्या समोरच्या वाऱ्याने ६० चा डाउनफोर्स ३६ टक्क्यांनी वाढलेला दिसतो आणि पाठच्या वाऱ्याने ३१ टक्क्यांनी कमी. एकाच दिशेने मोजून विंग चांगली ठरवणारे नंतर फसतात. सीएफडीच्या आकड्याच्या ऐंशी टक्के मिळाले तर माउंट आणि फटी ठीक आहेत. साठ मिळाले तर खालच्या बाजूला ५० मि.मी.चे लोकरीचे धागे टेपने चिकटवा आणि कॅमेरा लावा. धागे फडफडत उलटे फिरतात तिथे प्रवाह सुटला आहे.

टेक इन्स्पेक्शनची चाचणी घरीच करून घ्या. २२५ चौ.सें.मी.वर २०० न्यूटन ठेवल्यावर भाग १० मि.मी.पेक्षा जास्त दबता कामा नये, आणि कुठल्याही बिंदूवर कुठल्याही दिशेने ५० न्यूटन लावल्यावर २५ मि.मी.पेक्षा जास्त हलता कामा नये. प्लायचा १५ गुणिले १५ सें.मी.चा तुकडा, त्यावर साडेवीस किलो वजन, शेजारी उभी पट्टी. पुढच्या विंगचे टोक, मागच्या फ्लॅपचा मध्य आणि अंडरट्रेचा बाहेरचा कोपरा या तीन जागा इन्स्पेक्टर हमखास निवडतात. दुसऱ्या चाचणीला स्प्रिंग काटा फ्लॅपच्या कडेला अडकवून पाच किलोला खेचा, वर, खाली आणि आडवा. वजन काढल्यावर कड मूळ जागी परत येते का तेही पाहा. एक-दोन मि.मी. परत आली नाही, तर इन्सर्टचा गोंद सुटायला लागला आहे, आणि तो जोड त्याच दिवशी उघडून पुन्हा चिकटवायचा.